लांडगा मेला त्या दुपारी

ती इंग्रजी कादंबऱ्यांची मालिका मी कितीतरी महिने वाचत होते. एका मोठ्या शहरात भुताखेतांचे गुन्हे शोधणारी बाई आणि मनात आलं की लांडगा होणारा तिचा नवरा. एक भाग संपला की पुढचा तयारच. माझी शाळा सकाळची. दुपारची जेवणं झाली की सासूबाई सूप घेऊन शेंगा फोडायला बसायच्या आणि मी नवं वाचलेलं त्यांना मराठीतून सांगायची. त्या दुधनी गावच्या. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण आधीच्या भागांत कोण कुणाला चावलं हे माझ्यापेक्षा त्यांच्याच जास्त लक्षात असायचं.

आठव्या भागात लांडगा मेला. शिक्षकांच्या खोलीत मोकळ्या तासाला ते पान वाचलं आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अगं बाई, गेला!" शेजारच्या बाईंनी विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

सासूबाईंना सांगायचा धीर होईना. तो जंगलात गेलाय, असं सांगून मी वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "किती दिवस जंगलात फिरवालीस त्याला? मेला काय त्यो?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"माझा बी असाच गेला."

मला काही कळेना. सासरे तर आतल्या खोलीत झोपले होते.

"कोण गेला?"

"पैला नवरा. लग्नाला वरीस बी झालं नव्हतं. हिरीतला गाळ काढाय उतरला, वर आलाच न्हाय."

त्यांचा आवाज बदलला नव्हता. या घरात येऊन मला अठरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं.

"ह्यांना माहीत आहे?"

"तुज्या नवऱ्याला न्हाय. सासऱ्याला हाय की. त्यानी समदं ठावं असूनच लगीन केलं." मग त्यांनी विचारलं, "तिला फुडं दुसरा भेटतो का?"

"अजून वाचलं नाही."

"मग वाच की."

दहाव्या भागात तिला दुसरा भेटला. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पैल्याची याद येती का तिला? लिवलंय का तसं?"

लिहिलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

"लिवाय पायजे हुतं," त्या म्हणाल्या. मग शेंगा फोडता फोडता त्या त्याच्याबद्दल बोलू लागल्या. तो उंच होता, भूक लागली की चिडायचा, बाजारातून येताना आईच्या नकळत गजरा आणायचा. सासरे उठून दारात येऊन उभे राहिले होते, ते आम्हा दोघींना कळलंच नाही. लक्ष गेलं तशी मी सासूबाईंना खूण केली. सासूबाई मात्र बोलतच राहिल्या.

सासरे येऊन आमच्याजवळ बसले. सुपातली एक शेंग उचलत म्हणाले, "कबड्डीत लई चपळ हुता त्यो. मला कधी धरता आला न्हाय."



"तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"मैतर हुता की माझा," सासरे म्हणाले.