दहा मिनिटं पुढचं घड्याळ

त्या वर्षीच्या दसऱ्यानंतरचा सोमवार मी विसरू शकलेलो नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोलशेतच्या एका रसायन कंपनीत टाकी साफ करायला उतरलेला कामगार आतच गेला. टाकीत नायट्रोजन भरलेला होता. या वायूला ना रंग ना वास. काही कळायच्या आत माणूस कोसळतो. हा कामगार खाडीकाठच्या कोळीवाड्यातला होता. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला, जबाब घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "साहेब, तो अपघात नाय. कंट्रोल रूममधल्या मुलीनं माणूस आत असताना गॅस सोडला. कॉम्प्युटरमध्ये टाइमसकट सगळं आहे, जाऊन बघा ना." एवढं बोलून फोन ठेवला. निनावी फोन करणाऱ्याला न्यायाची तळमळ क्वचितच असते. बहुधा त्याला आपल्याकडे येणारं बोट दुसरीकडे वळवायचं असतं. तरी खबर ती खबर. मी गेलो.

तिथले व्हॉल्व्ह कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवरून उघडत. हुकूम तारेवरून टाकीपाशी जाई. हे हुकूम मधेच अडकतात अशी तक्रार होती, म्हणून कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखांनी त्याच तारेवर आणखी एक कॉम्प्युटर नुसता ऐकायला बसवला होता. तारेवरून जाणारा प्रत्येक निरोप तो टिपायचा आणि टपालासारखा त्यावर वेळेचा शिक्का मारायचा. इतर कुठल्याच यंत्रावर अशी नोंद राहत नव्हती. प्रमुखांनी छापील कागद माझ्या हाती दिला. कामगार एकच्या भोंग्यानंतर टाकीत उतरला, हे त्याच्या सोबत्यांनी सांगितलंच होतं. व्हॉल्व्ह उघडण्याच्या हुकमावर शिक्का होता एक वाजून सहा मिनिटांचा.

टाकीवरच्या सुपरवायझरने त्या दिवशी पुन्हा जबाब दिला. "मी कंट्रोल रूमला फोन केलेला, साहेब. माणूस उतरतोय म्हणून सांगितलेलं. ती म्हणाली, व्हॉल्व्ह बंद आहे." पहिल्या दिवशीच्या जबाबात हा फोन नव्हता. मी ते मनात ठेवलं.

मुलगी डोंबिवलीची, वयाने माझ्या थोरलीएवढी. महिला कॉन्स्टेबलला बसवून तिला विचारायला घेतलं. वडील शाळामास्तर, ते पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसले होते. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला मृताची बायको बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपली आपण येऊन बसायची.

"व्हॉल्व्ह कधी उघडलास?"

"भोंग्याच्या आधी, सर. टाकी संध्याकाळपर्यंत बंद राहणार, आत कुणी उतरणार नाही, असं सकाळीच ठरलेलं. मला कुणाचाही फोन आला नाही."

मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"मशीन कशाला खोटं बोलेल, सर? भोंगा मीच ऐकला नसेल. म्हणजे मीच मारलं त्यांना." ती हुंदके देऊ लागली. "तसं लिहा. मी सही करते."

सुटण्यासाठी खोटं बोलणारे मी ढिगाने पाहिले. स्वतःच्या कानांपेक्षा कागदावर विश्वास ठेवून गुन्हा अंगावर घेणारी ती पहिलीच. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, पण तिच्या मनात ती जन्मभर राहिली असती. मला भीती वाटली, ती याची. मी तिला वडिलांबरोबर घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा कंट्रोल रूममध्ये उभा होतो, तेव्हा एकचा भोंगा झाला. सवयीने भिंतीकडे पाहिलं. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"तुमचं घड्याळ पुढे आहे?"

प्रमुख हसले. "मुद्दाम, साहेब. संध्याकाळी कंपनीची बस चुकायला नको म्हणून. सगळ्यांना माहीत आहे."

यात मलाही नवल वाटलं नाही. मी कल्याणला राहत होतो. गाडी गाठायची म्हणून आमच्याकडे निम्म्या घरांतली घड्याळं पुढे असत, आमच्या घरातलंही. तेवढ्यात त्या ऐकणाऱ्या कॉम्प्युटरवर नजर गेली. त्याच्या डोक्यावर झेंडूची सुकलेली माळ आणि हळदीकुंकू होतं.

"खंडेनवमीला याचीही पूजा केलीत?"

"हो, सगळी यंत्रं बंद करून केली."

"परत चालू केल्यावर याला वेळ कुणी सांगितली?"

"याच्या आतली बॅटरी गेलीय, वेळ हाताने घालावी लागते. मीच घातली..." एवढं बोलून ते भिंतीकडे बघत राहिले. त्यांचं हसू मावळलं होतं. पुढे ठेवलेलं घड्याळ बघताना आपण मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतो. यंत्राला ती वजाबाकी कोण शिकवणार?

नुसत्या तर्कावर तपास उभा राहत नाही. मी दोन पंच बोलावले. भोंगा वाजवणारा पहारेकरी रेडिओच्या वेळेवर चालायचा, ते पडताळलं. मग पुढच्या भोंग्याला प्रमुखांना एक हुकूम सोडायला लावला. शिक्का दहा मिनिटं पुढचा उमटला. व्हॉल्व्ह भोंग्याच्या आधीच उघडलेला होता. मुलीचे कान खरे होते.

सुपरवायझरला मी एवढंच विचारलं, "तो फोन पहिल्या दिवशी का नाही आठवला?"

तो म्हणाला, "टाकी आदल्या दिवशी धुतलेली. वाटलं चालून जाईल. आतली हवा तपासायचा मीटर कपाटातच राहिला, विचारलंपण नाही कुणाला." कंपनीतला छापील कागद त्याने आमच्याआधी पाहिला होता आणि त्याच्या आधाराने फोनची गोष्ट रचली होती. तो निनावी फोनही त्याचाच. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. खुनशी माणूस नव्हता तो; चलता है म्हणणारा होता. अशांमुळे गेलेले जीव मी जास्त पाहिले.

हे सगळं मी त्या कोळणीला बाकावर शेजारी बसून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग ती पोरगी कशाला रडत व्हती?"

"तिला वाटलं, तिच्याच हातून झालं."

उठताना बाई म्हणाली, "तिला माझ्याकडं धाडा, साहेब. दोगी मिलून रडू."

मुलगी गेली. वडिलांना घेऊन गेली आणि पुढेही जात राहिली, असं नंतर कानावर आलं.

त्यानंतरच्या नोकरीत कुठलाही पक्का पुरावा समोर आला, की मी पहिला प्रश्न विचारायचो: याचं घड्याळ कुणी लावलं आणि कशाकडे बघून? सहकारी हसायचे. हसू द्यायचो.

शिक्क्याचा उलगडा झाला त्या संध्याकाळी घरी गेल्यावर स्टुलावर चढून मी घड्याळ दहा मिनिटं मागे घेतलं. सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, उद्या गाडी चुकेल तुमची!"

"चुकू दे," मी म्हणालो. "पुढची मिळते."