चामड्याच्या खुर्चीतले सत्तेचाळीस किलो

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि नेमाने हसतो. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय, वळणावर लिफ्ट मागणारा म्हातारा... लिहिणाऱ्याला लाज वाटत नाही आणि छापणाऱ्यालाही नाही, असं माझं मत होतं. तीस वर्षं जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केली, तीही मालाची तपासणी करण्याची. जे मोजता येत नाही ते नाहीच, हा माझा हिशेब. तेव्हा आज मी लिहायला बसलोय याची सगळ्यात जास्त चीड मलाच आहे.

माझा साळा दिनेश. तुमसरला त्याची राईस मिल आहे आणि मिलच्या आवारातच घर. मागच्या वर्षी त्याने बैठक नव्याने सजवली. नागपूरच्या कुठल्याशा इंटिरियरवालीने त्याच्या डोक्यात ‘ब्रुटलिस्ट’ हा शब्द भरवला. म्हणजे काय, तर भिंतीला गिलावा नाही, नुसतं काँक्रीट. लोक घर झाल्यावर भिंती रंगवतात, याने रंगवलेल्या भिंती खरवडल्या! आणि त्या काँक्रीटपुढे मांडायला हॉलंडहून आलेली पन्नास वर्षं जुनी खुर्ची.

खुर्ची कसली, पुलाचा सांगाडा होता तो. ओकच्या लाकडाचे रेल्वेच्या स्लीपरएवढे चार ठोकळे, काळे बोल्ट, आणि मधे खोगिरासारखं जाड, तपकिरी चामडं पट्ट्यांनी आवळून ताणलेलं. गादी नाही, उशी नाही. बसलं की चामडं करकरायचं आणि खाली झोळ पडायचा, उठलं की हळूहळू वर यायचं.

“व्हिंटेज आहे, भाऊजी,” दिनेश म्हणाला.

“म्हणजे कोण्या मेलेल्या गोऱ्याच्या बुडाखालची,” मी म्हणालो. तो रुसला. मला बरं वाटलं.

दोनेक महिन्यांनी आम्ही नवरा-बायको तिकडे जेवायला गेलो होतो. दिनेशची बायको सुनंदा वाढत होती. ही बपेरा गावची, शेतकऱ्याच्या घरची. कमी बोलणारी, कामाला वाघ. वाढता वाढता माझ्या बायकोला म्हणाली, “ताई, त्या खुर्चीत कोणीतरी येऊन बसते जी. अकरा वाजता. हे मिलमध्ये गेले का मी भाजी निवडाले बसतो, तं चामडं करकरते अन् खाली जाते. अर्ध्या घंट्यानं वर येते.”

दिनेशने कपाळाला हात लावला. मी म्हणालो, “मग पाहुण्याले चहा देत जा, वहिनी.”

सगळे हसले. सुनंदा हसली नाही.

“देतो ना,” ती म्हणाली. “तसाच थंडा होऊन राहते.”

यावर तर आणखीच हसलो आम्ही. मी सगळ्यात मोठ्याने.

जेवण झाल्यावर दिनेशला बाजूला घेऊन मी गंभीर चेहऱ्याने सल्ला दिला — बाई दिवसभर एकटी असते, डोक्यावर परिणाम व्हायच्या आत नागपूरला दाखव. त्याने दाखवलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या घेऊन ती दुपारपर्यंत झोपून राहू लागली. दिनेशला काळजी होती हे खरं, पण तोंडावर ताबा नव्हता, त्यामुळे महिन्याभरात सगळ्या नातेवाइकांना कळलं. लग्नाकार्यात बायका तिच्याकडे पाहून आवाज खाली करू लागल्या. एक दिवस तिचा भाऊ आला आणि तिला बपेऱ्याला घेऊन गेला. ती आठ दिवसांसाठी गेली आणि परत आलीच नाही. फोन केला की म्हणायची, “खुळी बायको कायले पायजे तुमाले?”

दिनेश माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, शर्टाची वरची गुंडी तुटलेली. तेव्हा मीच युक्ती काढली. म्हटलं, खुर्ची काट्यावर ठेवू, अकरा वाजता व्हिडिओ काढू, तिला नेऊन दाखवू. पहा बाई, आकडा हलला नाही. विषय संपला.

मिलचा इलेक्ट्रॉनिक काटा हमालांनी बैठकीत आणला. काट्यापेक्षा खुर्चीचा पसारा जास्त, म्हणून वर प्लायवूडची फळी टाकली, फळीचं वजन शून्य करून घेतलं आणि खुर्ची चढवली. एकसष्ट किलो. हमालांना बाहेर पाठवलं. पंखा बंद, खिडक्या बंद. मी आणि दिनेश भिंतीला पाठ लावून उभे. सकाळचे पावणेअकरा, बाहेर लख्ख ऊन, मिलचा घरघराट. मला हसू येत होतं. दोन मोठी माणसं एका रिकाम्या खुर्चीचा व्हिडिओ काढताहेत!

अकरा वाजून गेले. दिनेश म्हणाला, “झालं, बंद करू?”

तेवढ्यात चामडं करकरलं.

मी आधी आकड्याकडेच पाहिलं, सवय म्हणून. त्रेसष्ट... ऐंशी... एकशे आठ. चामड्याला मधोमध झोळ पडला होता. पाठीच्या पट्ट्या ताणल्या गेल्या. एकशे आठ म्हणजे खुर्चीचे एकसष्ट सोडून वर सत्तेचाळीस किलो.

आता एक गोष्ट सांगतो, ती ज्यांनी आयुष्यभर वजनं केली त्यांना कळेल. काट्यावर पोतं ठेवलं की आकडा थांबतो. माणूस बसला की शेवटचा आकडा थरथरत राहतो, कारण माणूस श्वास घेतो, मान वळवतो. तो आकडा थरथरत होता. पाच-सात मिनिटं मी तेच बघत होतो. एकदा तर दोन किलो इकडेतिकडे झाले आणि चामडं पुन्हा करकरलं... बसून अवघडलेलं माणूस जरा सरकून बसतं ना, तसं.

दिनेशने माझं मनगट धरलं होतं. दोघांपैकी कोणीही पुढे जाऊन हात लावून पाहिला नाही. मी तपासणीवाला! तीन पावलांवर खुर्ची, आणि मी गेलो नाही.

साडेअकराच्या सुमारास आकडा खाली आला. एकसष्ट. चामडं सावकाश वर आलं.

“काटा बिघडला,” दिनेश लगेच म्हणाला. काटा दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने शिक्क्याची वजनं ठेवून तपासला. काटा एकदम बरोबर होता. आणि मोबाईलमधला व्हिडिओ? काटा आणि खुर्ची स्पष्ट, आकडे स्पष्ट. नुसती रिकामी खुर्ची आणि चढत गेलेलं वजन.

त्याच दुपारी आम्ही बपेऱ्याला गेलो. सुनंदा अंगणात सुपात लाखोरीची डाळ पाखडत होती. खुर्ची काट्यावर ठेवून पाहिली असं सांगत दिनेशने मोबाईल पुढे केला. तिने तो हातात घेतला नाही.

“किती भरलं?” तिने मला विचारलं.

“सत्तेचाळीस किलो.”

तिचं सूप थांबलं. “दुबळंच आहे मंग बिचारं,” ती म्हणाली.

दिनेश म्हणाला, “चाल आता घरी. आमी दोघांनी पाहिलं ना.”

“मी दोन महिने सांगून राहिली होती,” ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. “तवा मले गोळ्या देल्या. काट्यानं एकडाव सांगतलं, तं बपेऱ्याले धावत आले.” मग माझ्याकडे पाहून, “तुमी तं शिकलेले ना जी, भाऊजी? मले भेव त्या खुर्चीचं कधीच नाही वाटलं. तुमी सारे हसले, तवा वाटलं.”

ती आमच्याबरोबर आली नाही.

तिने अट घातली. ज्या ज्या नातेवाइकाला दिनेशने तिच्या डोक्याबद्दल सांगितलं होतं, त्या प्रत्येकाला त्याने स्वतः फोन करायचा. त्याने केले. पंधरा दिवस लागले. काही फोन मीही केले — ‘वहिनी ठीक आहेत, खुळे आम्हीच होतो’ — आणि पलीकडचा माणूस हसतोय हे प्रत्येक वेळी ऐकू येत होतं. मग ती आली. दिनेश खुर्ची विकायला निघाला होता, तिने विकू दिली नाही.

ओलाव्याने चामडं ढिलं पडतं, जुने बोल्ट सैल होतात, मिलच्या मशीनने जमीन हादरते... हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. त्याने चामडं खाली जाईल, मान्य. काट्यावर सत्तेचाळीस किलो कुठून येतील? ते पुरुष आहे की बाई, हॉलंडचं की आपल्याकडचं, अकरालाच का येतं, मला माहीत नाही. त्याचं काय झालं असेल, तेही नाही.

गेल्या आठवड्यात तुमसरला गेलो होतो. सुनंदा मेथी निवडत होती. समोर चामड्याला झोळ पडलेला आणि शेजारच्या स्टुलावर चहाचा कप. तिने मान वर न करता मला म्हटलं, “बसा न भाऊजी, उभे काहून?”

मी बसलो नाही. बाहेर मिलमध्ये जाऊन दिनेशशी भाताच्या भावावर बोलत राहिलो.

आता तुम्ही हसाल. हसा.