मागच्या बाजूचा शब्द

मोपाच्या विमानतळावर आई आत येऊ शकत नव्हती, म्हणून काचेच्या दारापाशीच थांबली. बॅगेचे वजन, पासपोर्ट, जॅकेट हे सगळे तिचे दोनदा विचारून झाले होते. आता विचारायला काही उरले नव्हते. तेव्हा तिने घड्याळ पाहिले आणि म्हणाली, "चल गो, म्हाका शाळा आसा." डिचोली तालुक्यात, नार्व्याच्या पलीकडे नदीकाठी आमचे गाव, तिथल्या एकशिक्षकी मराठी प्राथमिक शाळेची ती एकमेव शिक्षिका. मी जर्मनीला निघाले होते आणि तिला पहिलीचा तास चुकवायचा नव्हता. मला ते आवडले होते. आम्ही दोघीही कामाच्या बाया, असे मी मनाशी म्हटले आणि वळून न पाहता आत गेले.

पहिलीचा तास म्हणजे शब्दांचा तास. आमच्याकडे मूल घरी कोंकणी नाहीतर मालवणी बोलते आणि पुस्तक उघडले की त्यात मराठी असते. अंतर थोडे असते, पण सहा वर्षांच्या मुलाला ते ओढ्यासारखे आडवे येते. आईने त्यावर स्वतःची रीत शोधली होती. गावात आलेल्या लग्नपत्रिका ती जमवायची, कोरे भाग कापायची आणि एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला शब्द लिहायची. उदक, मागे पाणी. चेडू, मागे मुलगी. सोरोप, मागे साप. मूल आधी स्वतःच्या घरातला शब्द वाचायचे, आपल्याला वाचता येते या आनंदात कार्ड उलटायचे आणि दुसरा शब्दही त्याचा होऊन जायचा. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याची ही पद्धत मला पुढे प्रयोगशाळेत पुन्हा शिकवली गेली, तेव्हा तिला फार मोठे नाव होते.

लाइपझिगला पहिल्या महिन्यात मी हेच केले. फ्रिजवर, खिडकीवर, कपाटावर जर्मन शब्दांच्या चिठ्ठ्या डकवल्या आणि प्रत्येकीच्या मागे ओळखीचा शब्द लिहिला. आठवड्याने एक चिठ्ठी गळून पडली, उचलताना मागची बाजू वाचली आणि मी उभीच राहिले. मागे इंग्रजी होते. सगळ्यांच्या मागे इंग्रजी होते. माझा घरचा शब्द कधी बदलला, याची नोंद माझ्याकडे नव्हती. आणि मी नोंदी ठेवणारी बाई आहे.

गेल्या वर्षी नवरात्रात रजा घेऊन घरी आले. शाळेत सरस्वतीपूजन होते. पाटीवर सरस्वती काढलेली, झेंडूच्या माळा, सगळा गाव जमलेला. पटावर सात मुले उरली होती. त्यांतली चार चौथीतून बाहेर पडणार होती. पुढच्या जूनमध्ये पहिलीत नवी मुले आली नाहीत तर शाळा बंद होणार, हे सर्वांना ठाऊक होते. आरतीनंतर आईने मला पुढे उभे केले. "ही माझी मुलगी. चौथीपर्यंत याच वर्गात शिकली. आज जर्मनीत संशोधन करते. तिलाच विचारा." तिच्या हातात तेवढाच एक पुरावा होता, आणि तो मी होते.

मी बोलले, आणि चांगले बोलले. लहान मूल आपल्या बोलीच्या आधाराने वाचायला लवकर शिकते, हे उदाहरणांसह मांडले. माना हलत होत्या. मग दोडामार्गाहून येऊन इथे ट्रक चालवणारा महादेव उठला. त्याची मुलगी मनस्वी अंगणवाडीत होती, जूनमध्ये पहिलीत जाणार होती.

"बाय, एक खरां सांग. उद्या तुका पोर झालां तर तू तेका हय, ह्या शाळेत घालशीत?"

"आधी लगीन होऊं दी रे तिचां!" मागून कोणी बाई म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसले. तिथेच विषय संपवता आला असता. पण महादेव हसला नव्हता. तो खरेच विचारत होता, आणि खऱ्या प्रश्नाला खरे उत्तर देण्याची मला सवय आहे.

"बहुतेक नाही," मी म्हणाले.

पुढे मी कारणे दिली, अटी सांगितल्या, पण ती कोणी ऐकली नाहीत. महादेव "बरां" म्हणून खाली बसला. आई गूळ-खोबऱ्याचे पोहे द्रोणांत भरू लागली. एकही द्रोण सांडला नाही.

घरी परतताना मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुवें खरें सांगलें. हांवेंच तशें शिकयलें न्हय?" शिकवले तिनेच होते. पण तिने रागवायला हवे होते.

जूनमध्ये पहिलीत कोणीही आले नाही. शाळेला कुलूप लागले आणि आईची बदली वाळपईच्या बाजूला झाली. आता ती दोन बस बदलून जाते. माझ्या एका उत्तराने शाळा बंद पडली, असे मी म्हणणार नाही. कारणे अनेक होती आणि मला ती क्रमाने मांडता येतात. पण त्या दिवशी मूल पहिलीत घालायची वेळ आलेली तीन घरे अजून काठावर होती. त्यांना कोणत्या बाजूला पडायचे ते मी सांगितले.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आई शाळेचा विषय काढत नाही. मागच्या रविवारी मात्र बोलली. मनस्वी आता तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाते, आणि संध्याकाळी दोघी एकाच थांब्यावर उतरतात. पोरीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते. आईने एकदा विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली, की वर्गातून लघवीला बाहेर जायचे असेल तर इंग्रजीत विचारावे लागते. ते वाक्य तिला येत नाही. म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही.

तुम्ही जे गावात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, तुम्ही सगळेच मला विचारता, घराची आठवण येते का. येते. पूर्वी नदी दिसायची, नारळी-पोफळीचे कुळागर दिसायचे. आता संध्याकाळची बस दिसते, आणि तिच्यातून उतरणारी एक तहानलेली मुलगी, जिला मी ओळखतही नाही.