रिकाम्या डब्यातली गोळी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी धाकट्या काकूचं नाव घेतो. आई असताना असं म्हणणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण मॅट्रिक झाल्यावर घरातले सगळे "आता औत धर" म्हणत होते, तेव्हा काकू चुलीपुढून न उठता म्हणाली, "त्याला परभणीला कालिजात घाला. डबा मी धाडते." आणि पदवी मिळेपर्यंत तिनं तो धाडला. आमच्या गावाहून, झरीहून, सकाळच्या पहिल्या एसटीनं भाकरी-भाजीचा डबा यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत जायचा. आमच्या भागातली कितीतरी मुलं अशा डब्यांवरच शिकली.

काकूला फिट यायची. परभणीच्या एका डॉक्टरांनी तिला बारीक पांढरी गोळी सुरू केली होती, रोज संध्याकाळी एक. "एक दिवससुद्धा चुकवायची नाही," असं त्यांनी बजावलं होतं. गोळ्यांची बाटली भिंतीतल्या देवळीत उघड्यावरच असायची. घरातलं सोनं मात्र कुणाला सापडलं नसतं. सगळं घर कापूस वेचायला रानात जायचं, तेव्हा आई आणि काकू एकदाणी, पुतळ्या फडक्यात बांधून आतल्या खोलीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायच्या आणि वरून माती लिंपून सारवून घ्यायच्या. ओल वाळली की मलाही ती जागा ओळखू यायची नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव ज्या वर्षी झाला, त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी होतो. काकूला पंधरा दिवसांत दोनदा फिट आली. दुसऱ्यांदा ती चुलीपाशी पडली आणि तिचा डावा हात भाजला. मी बाटली पाहिली. महिन्याच्या गोळ्या विसाव्या दिवशीच संपल्या होत्या.

"रोज दोन-दोन खातीस का काय?" मी विचारलं.

"एकच खाते. उंदीर नेत असतील."

"उंदीर बाटलीचं बूच लावून जातो का?"

"शिकलेला उंदीर असंल," ती म्हणाली आणि भाजलेल्या हातावर फुंकर घालू लागली.

मला नवल वाटत होतं. चोराला सोनं नको होतं, धान्य नको होतं. फिटची गोळी फिट नसलेल्या माणसाला कशाला लागते? कॉलेजात मी नुकतंच विज्ञान शिकायला लागलो होतो, मला प्रयोग करायची घाई होती. नवी बाटली आणली तेव्हा देवळीत तिच्याभोवती ज्वारीचं पीठ पातळसं पसरून ठेवलं. बोटांचे ठसे उमटतील असा माझा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी देवळीभर मुंग्या झाल्या. तिसऱ्या दिवशी पाहतो तर पीठ नाही, मुंग्या नाहीत आणि देवळी शेणानं स्वच्छ सारवलेली. सारवणावर बोटांच्या चार ओळी, कडेला वळलेल्या.

तशा कडेला वळलेल्या ओळी आमच्या घरात एकच बाई काढायची. माझी आई.

वर्षापूर्वी माझा धाकटा भाऊ विहिरीत बुडाला होता. तेव्हापासून आईला झोप नव्हती. ती रात्री नुसती बसून असायची. मग अलीकडे ती झोपू लागली, तेव्हा दुःख हलकं झालं असं आम्ही समजलो होतो. फिटच्या गोळीनं गुंगी येते, हे आता माझ्या ध्यानात आलं.

मी काकूला गोठ्याकडं बोलावून सांगितलं. ती शेण गोळा करत राहिली.

"मला ठाव हाय."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले. तू गप बस."

"मी परभणीहून कुलूप आणतो. बाटली संदुकीत ठेव, किल्ली तुझ्यापाशी."

ती उठली. "येड्या, घरात कुलूप लागलं की घरातलं माणूस चोर ठरतंय. ती माझी जाऊ हाय. तिचं लेकरू गेलंय."

"आणि तू चुलीत पडलीस तर?"

ती शेणाची पाटी उचलून उकिरड्याकडं गेली.

उपाय मला जूनमध्ये सुचला. कॉलेज सुरू झालं, डबा सुरू झाला, आणि एक दिवस रिकामा डबा स्टँडवर नेताना वाटलं की जगात सगळ्यांत सुरक्षित जागा ही. भरलेला डबा कुणीही उघडून बघतं. रिकामा, खरकटा डबा कोण उघडणार? घरी तो काकूच धुवायची. काकूला सांगून मी बाटली माझ्या परभणीच्या खोलीवर आणली आणि रोज एक गोळी कागदाच्या पुडीत बांधून रिकाम्या डब्याच्या वरच्या खणात ठेवू लागलो. देवळीतली बाटली गेलेली दिसली, तरी डब्याचं आईला कळायचं कारण नव्हतं. काकूच्या फिट थांबल्या. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

मग ठरावाची बातमी आली, मराठवाडा पेटला आणि एसट्या बंद झाल्या. पहिल्या दिवशी मला डबा आला नाही याचीच काळजी वाटली. भुकेनं आठवण करून दिली म्हणा ना, दुपारी ध्यानात आलं की डबा आला नाही म्हणजे परतही जाणार नाही. काकूचं औषध मी चोरापासून इतकं लांब नेऊन ठेवलं होतं की ते तिच्याही हाताला लागत नव्हतं.

उद्या गाडी सुटेल, उद्या सुटेल, असं करत चार दिवस गेले. पाचव्या सकाळी एका मित्राची सायकल मागून घेतली, बाटली शर्टाच्या खिशात घातली आणि निघालो. वाटेत एका गावाच्या कडेला जळालेल्या झोपड्या दिसल्या, बाहेर भांडी पडलेली, माणूस नाही. मी थांबलो नाही. तेव्हा खिशातल्या बाटलीचं कारण मला पुरेसं वाटलं होतं. आज तितकंसं वाटत नाही.

घरी पोचलो तेव्हा काकू दारात गहू निवडत होती. धडधाकट. आई आत भाकरी थापत होती.

"गोळ्या," मी धापा टाकत म्हणालो. "चार दिवस झाले..."

"खाल्ल्यात तिनं," आतून आई म्हणाली. "रोज."

तिनं हात धुतले, पदराची गाठ सोडून माझ्यापुढं धरली. आत तीन गोळ्या होत्या, पदराच्या हळदीनं पिवळट झालेल्या.

"सात व्हत्या. चार तिला दिल्या."

"कुठून आल्या?" मी उगाच विचारलं.

"तुला ठाव न्हाई व्हय? देवळीत पीठ कुणी टाकलं व्हतं? तुझ्या मुंग्या मीच झाडल्या. लईच झोप लागना झाली तर खावी म्हणून ठिवल्या व्हत्या. पर गाडी बंद झाली, अन् ही सांजच्याला रस्त्याकडं बघत बसायली."

"डब्याचं तुला कसं कळलं?"

"डबा मी धुते म्हणलं की हिसकून घ्यायची. खरकट्या डब्याची एवढी माया कुणाला असती?"

काकू सुपातून मान वर न करता म्हणाली, "बस आता. भाकर खा. सायकल कुणाची आणलीस?"

जेवताना मी आईकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली पुन्हा काळं झालं होतं.

परभणीला परतल्यावर मी डॉक्टरांकडं गेलो. गाड्या सुरू झाल्या त्या पहिल्या संध्याकाळी डब्यातून काकूला ही चिठ्ठी धाडली. तिनं ती जपून ठेवली होती, म्हणून जशीच्या तशी देता येते.

"तीर्थरूप काकूस साष्टांग नमस्कार. आजपासून एकेक गोळी येणार नाही. सगळी बाटली धाडली आहे. ती देवळीतच ठेव आणि रोज संध्याकाळी आईच्या हातून गोळी घे. हे मी विचार करून लिहितो आहे. डॉक्टरांना आईचं सांगितलं. ते रागावले नाहीत. तुझी गोळी तिनं घ्यायची नाही, तिचं औषध वेगळं देतो, पण तिला बघितल्याशिवाय नाही, असं म्हणाले. येत्या सोमवारी दोघी पहिल्या गाडीनं या. मी स्टँडवर थांबतो. पीठ टाकलं त्याबद्दल आईला काय म्हणावं ते मला लिहिता येत नाही. तू चौथी शिकलेली आहेस, हे तिला वाचून दाखव, हे वाक्यसुद्धा. बाटली खालच्या खणात आहे, डबा आपटू नकोस. आणि सोमवारी माझा डबा नको. तिघं मिळून इथंच जेवू."