टाकीतलं तांब्याभर पाणी

तोताराम म्हटलं की यावलचे लोक आधी हसतात, मग विचारतात, "आता काय नवीन?" हे माझे मालक. स्टँडमागे ह्यांचं वेल्डिंगचं दुकान. खिडक्यांच्या जाळ्या करून चार घास सुखानं खाल्ले असते, पण नाही. कधी केळीच्या खांबाचा धागा काढायचं मशीन, कधी वेफर कापायचं. दोन्ही मागच्या अंगणात गंजत पडलीत. बोलून बोलून माझं तोंड दुखलं.

मागच्या वर्षी भज्यांच्या तेलाचं खूळ निघालं. गाड्यांवरचं जळकं तेल आणायचं, त्यात औषधं घालून डिझेल करायचं. मी म्हटलं, "आता घराचीच भजी तळून राह्यले तुम्ही." पण माझा भाऊ सुपडू आला, बाटलीभर नेऊन त्यानं इंजिनात घालून पाहिलं आणि इंजिन चाललं. सुपडूची केळीची पाच हजार झाडं. उन्हाळ्यात डीपी जळते, वीज आठ-आठ दिवस येत नाही, मग विहिरीवर इंजिनच लावावं लागतं. तो म्हणाला, "दाजी, दोनशे लिटर करून ठेवा. यंदा मी तुमच्याच भरवशावर." ह्यांच्या भरवशावर, असं आजवर कोणी म्हटलंच नव्हतं. त्या दिवशी हे एक भाकर जास्त जेवले.

साठवायला भंगारातून ट्रकची जुनी डिझेलची टाकी आणली. आत बोटभर काळा गाळ. मला वाटलं, धुतली की झालं. कसलं काय! आधी तीन दिवस साबणाचं गरम पाणी भरून ठेवलं. मग आत खडी आणि साखळीचा तुकडा टाकून दोघांनी ती अंगणात लोळवली, एका बाजूला हे, एका बाजूला मी. माझे दंड भरून आले. पुन्हा सोडा, पुन्हा गरम पाणी. खालची पितळी तोटी काढून स्टीलची लावली, पितळेनं हे तेल नासतं म्हणे. शेवटी माझं जुनं लुगडं काठीला गुंडाळून आतून पुसली आणि दोन दिवस उन्हात वाळवली. "पाणी राहिलं तर इंजिनाचा डिझेलचा पंप गेला समज," हे रोज बजावायचे. मी हूं म्हणायचे. नवऱ्याचं सगळंच कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी आखाजी, अक्षय्य तृतीया. हे दुकानातून तयार तेलाचे डबे आणायला गेलेले. मी पितरांची घागर भरली, पुजली. आमच्या आईची शिकवण अशी की आखाजीला घरात भांडं कोरडं ठेवायचं नाही, पितर तहानलेले परत जातात. पडवीत ती टाकी कोरडीठाक. मी तिला कुंकू लावलं आणि तांब्याभर पाणी आत ओतलं. ह्यांचं बजावणं आठवलं, नाही असं नाही. पण पूजेचं पाणी कशाला बाधेल, असं वाटलं. ह्यांचं एवढं एक काम तडीस जाऊ दे, असं मागितलंही. हे आले आणि त्याच पाण्यावर त्यांनी तेल भरलं.

पंधरा दिवसांनी डीपी जळाली. ऊन पंचेचाळीसच्या वर. सुपडूनं तोटीखाली डबे लावून तेल नेलं. पाणी तळाशी बसलेलं, ते आधी गेलं. इंजिन दहा मिनिटं चाललं, आचके दिले आणि बंद पडलं. पंप पार जाम, उघडला तर आत पाणी. तो जळगावहून दुरुस्त होऊन यायला आठ दिवस गेले. कोणाचं इंजिन उसनं मिळेना, बठ्ठ्या शिवारात सगळेच आपापलं इंजिन लावून बसलेले. केळी घडांसकट कमरेत मोडून पडली. सुपडू भांडला नाही. "दाजी, माझीच चूक. तुमचं ऐकायला नको होतं," एवढंच बोलला. त्यानंतर राखीलाही आला नाही.

ह्यांनी टाकी रिकामी केली, पण विकत नाहीत. येता-जाता आत बॅटरी मारून पाहतात. दुकान उघडतात आणि नुसते बसून राहतात. परवा जेवताना म्हणाले, "कुंदा, तू तर सोबत होतीस. वाळवण्यात मी कुठं कमी पडलो?"

सांगून टाकावं असं फार वाटलं. पण मग सुपडूला कळणार, माहेर तुटणार. मी म्हटलं, "तुमच्या हाताला यशच नाही, त्याला कोण काय करणार?"

त्यांनी मान डोलावली, आणि भाकरीचा तुकडा मोडला.