पुंगळ्यांचा भुगा

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. लोक म्हणतात, झालं गेलं, सोडा. मी नाही सोडणार.

आमचे हे कुवेतमध्ये तेवीस वर्षं आहेत. त्यातली वीस शुवैखच्या गॅरेजात लेथवर गेली. पुढे बारीक माप दिसेना, तेव्हा ओळखीतून एका खाजगी नेमबाजीच्या मैदानाच्या वर्कशॉपात लागले. तिथे हौशी मंडळी रायफली घेऊन येतात, ठो ठो करतात नि जातात. मागे काडतुसांच्या पितळी रिकाम्या पुंगळ्या पडतात. त्या फेकत नाहीत हो. साफ करतात, मापात आणतात आणि परत दारू भरून वापरतात. भरायचं काम काचेच्या खोलीत दुसरी माणसं करतात. साफ करायचं काम ह्यांचं.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी विचारलं, "म्हणजे भांडीच घासायची ना?"

"तुझंच खातं मिळालंय," हे म्हणाले.

पण भांड्यांपेक्षा नाजूक काम ते. आधी काजळलेल्या पुंगळ्या थरथरणाऱ्या पिंपात टाकायच्या. त्यात मक्याच्या वाळलेल्या कणसांचा भुगा असतो, जाड रव्यासारखा. तासन् तास घुसळून पुंगळ्या चकचकीत होतात. मग प्रत्येकीला बोटाने ल्यूब, म्हणजे मेणासारखं वंगण, चोळायचं आणि साच्यातून दाबून काढायची, म्हणजे फुगलेली पुंगळी मापात येते. ल्यूब कमी पडलं तर पुंगळी साच्यात अडकून बसते, मग बाहेर काढताना नाकी नऊ येतात. जास्त झालं तर तिच्या खांद्याला पोचा पडतो. आणि दाबून झाली की तेच ल्यूब काढायला परत भुग्यात. मी म्हटलं, अहो, तुम्ही तर पोरांसारखी तेल लावून न्हाऊ घालता! ह्यांना आवडलं ते. महिन्याभरात ह्यांचा हात असा बसला, की नुसत्या अंगठ्याने ल्यूब पुरे की नाही ते कळायचं. तोच अंगठा ते जेवताना भातात घालायचे. हात धुवायचे, नाही असं नाही. पण ते मेण साध्या साबणाला कुठे दाद देतं?

भुगा काळा पडतो. बदलायला हवा. हे सुपरवायझरकडे नवीन पोतं मागायचे आणि तो म्हणायचा, "पुढच्या महिन्यात, काका." तो आपलाच, पुण्याकडचा. गणपतीत आमच्याकडे येऊन अकरा मोदक खाल्ले होते त्याने. मी मोजले नव्हते, त्यानेच सांगितलं. शेवटी ह्यांनी डोकं चालवलं. गुरुवारी काळा भुगा दोन पिशव्यांत भरून घरी आणायचा, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी चाळायचा, शनिवारी परत न्यायचा.

चाळणीने काही धड होईना. धूळ भुग्याला चिकटून राहायची. तेव्हा ही अक्कल मी पाजळली: "अहो, सूप घ्या ना. पाखडलं की धूळ उडेल, रवा खाली राहील." सुनेच्या पहिल्या ओवशासाठी, गौरीपुढे पूजायला, मी गावाहून बांबूचं सूप आणलं होतं. ते माळ्यावरून काढलं. आणि रिग्गईच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून मी दर शुक्रवारी ते पाखडत होते. झोकात पाखडत होते. ह्यांना म्हटलं, बघा, विसरले नाहीये अजून. काळी धूळ अशी भुरभुर उडायची आणि वर दोरीवर सुनेचे कपडे वाळत असायचे.

सून बँकेत आहे. मुलगा आठवडाभर अहमदीला असतो, गुरुवारी येतो. तेव्हा सुनेला सहावा महिना होता. एकदा ती बाल्कनीत आली, नाकाला ओढणी लावून.

"आई, हे काळं काय उडतंय? मला खोकला येतोय."

"कणसाचा भुगा गं तो. भात पाखडताना याच्या दहापट उडायचं, आम्ही मेलो का?"

तिने दोरीवरचे कपडे काढले आणि आत गेली. ते वाक्य मी बोलले. दुसऱ्या कोणी नाही.

मग ह्यांचं पोट दुखायला लागलं. आधी वाटलं वात. ओवा दिला, हिंग दिला. पोट साफ होईना, जिना चढताना पाय थरथरायला लागले, भूक मेली. एवढा हसरा माणूस, चहात साखर कमी पडली म्हणून माझ्यावर खेकसला. शेवटी पॉलिक्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरने विचारलं, काम काय करता? हे म्हणाले, "क्लीनिंग." एवढंच! मीच मग तोडक्यामोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, पुंगळ्या, भुगा, सूप. डॉक्टर ऐकत राहिला आणि रक्त घ्यायला लावलं. दोन दिवसांनी बोलावून सांगितलं, रक्तात शिसं आहे, भरपूर आहे. गोळी उडताना जी धूर-काजळी होते तिच्यात शिसं असतं, ते पुंगळीवर बसतं, पुंगळीवरून भुग्यात येतं.

मग त्याने विचारलं, घरात आणखी कोण आहे?

मी म्हटलं, "सून. सातवा लागलाय."

त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, पोटातल्या बाळाला शिसं फार वाईट. आजच घेऊन या.

सुनेला मी काय तोंडाने सांगितलं ते माझं मला माहीत. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला." मग रक्त देऊन आली आणि बाल्कनीतले सगळे कपडे, पडदेसुद्धा, काळ्या पिशवीत भरून कचऱ्यात टाकले. सूप मी मोडून त्याच पिशवीत कोंबलं. रिपोर्टला तीन दिवस लागणार होते.

पहिला दिवस मी फरशी पुसण्यात घालवला. हे रजेवर घरीच होते. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, मला तुमच्या वर्कशॉपात न्या.

"गप रव गो. नोकरी जायत."

मी टॅक्सी केली आणि एकटी गेले.

फाटकावर पहारेकऱ्याने माझी पर्स उघडून बघितली. रोज ह्यांचा डबासुद्धा असाच उघडतात, एखादी पुंगळी बाहेर गेली तर आभाळ कोसळेल म्हणून. पिशव्या भरभरून शिसं गेलं, ते कोणी बघितलं नाही. सुपरवायझर धावत आला.

"मावशी, तुम्ही इथे कशाला?"

"काकांची जागा बघायला आले. दाखव."

दाखवली. पत्र्याची शेड. खिडकी नाही, पंखा नाही. कोपऱ्यात ह्यांचं स्टूल, त्याच्या पायाशी जेवणाचा डबा ठेवायची फळी, खिळ्याला तोंडावर बांधायचा रुमाल, आणि सगळ्यावर करडी पूड. शेजारी ती काचेची खोली. तिथे एसी, छताला हवा ओढून घेणारा मोठा पंखा, माणसांच्या हातात मोजे आणि तोंडाला मास्क. का? तर मेंबर लोक काचेतून बघतात!

"यांना मास्क आणि काकांना रुमाल?"

"काकांनी कधी मागितलाच नाही, मावशी."

"आणि भुगा? तो तर मागितला होता ना?"

"स्टॉक नव्हता हो."

माझी नजर मागे गेली. स्टोअरचं दार अर्धं उघडं होतं आणि भिंतीला मक्याच्या भुग्याची नवी कोरी पोती लावलेली. सात होती. ही मात्र मी मोजली.

"ही कोणाच्या बारशाला ठेवलीस?" मी म्हटलं. खरं सांगते, माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "अरे, माझ्या सुनेच्या पोटात बाळ आहे. तिच्या कपड्यांवर ही घाण मी माझ्या हाताने उडवली. तुझी पोती वाचावीत म्हणून!"

तो इकडे तिकडे बघत हळूच म्हणाला, "भुगा घरी न्या असं मी सांगितलं नव्हतं. आणि मावशी, रिपोर्ट वगैरे मालकांना दाखवू नका. ते माणूसच बदलतील. काकांचा इकामा, इथे राहायचा परवाना, यांच्याकडेच आहे, हे लक्षात घ्या."

"बदल माणूस," मी म्हटलं. "पण त्या स्टुलावर दुसऱ्याला बसवायच्या आधी स्वतः एक महिना बस. रुमाल मी देते."

काचेतली माणसं मास्क लावून आमच्याकडे बघत होती. एकानेही दार उघडलं नाही.

घरी आल्यावर हे माझ्याशी बोलेनात. मी म्हटलं, नका बोलू. मीही तुमच्यावर चिडलेय. तीन वर्षं त्या शेडमध्ये बसलात आणि एकदा म्हणाला नाहीत, इथे श्वास घेववत नाही. कसला संकोच? कोणाचा? हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तरी मी बोलतच होते. बोलायची थांबले असते तर रडले असते, आणि रडायचा मला हक्क नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून स्वयंपाकघरात उभी. दुपारी सुनेच्या फोनवर रिपोर्ट आला. ती सोफ्यावर बसली होती, मी दारात. तिने वाचला, परत वाचला, डॉक्टरला फोन लावला. मला इंग्रजी एवढं भराभर कळत नाही. मी तिच्या हाताकडे बघत होते. दुसरा हात पोटावर होता, बोटं आवळलेली. ती हळूहळू सैल झाली.

"थोडं आहे," ती म्हणाली. "पण कमी आहे. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, महिन्याने परत तपासायचं. बाळ झाल्यावर त्याचंही. आत्ता घाबरण्यासारखं नाही म्हणाले."

मी तिथेच खाली बसले, फरशीवर. कमी म्हणजे शून्य नव्हे. माझ्यामुळे शून्य नव्हे. मी तसं म्हटलंही तिला.

तिने फोन बाजूला ठेवला. मग एकदम तिचा चेहरा बदलला.

"आई, तुमचा रिपोर्ट कुठे आहे?"

"माझा कसला?"

"कसला म्हणजे? पाखडत कोण होतं? तोंड सुपावर धरून बसत होतात तुम्ही! बाबांचं रक्त झालं, माझं झालं. तुमचं?"

खरंच की. डॉक्टरला घरात कोण कोण म्हणून सांगताना मी मला धरलंच नव्हतं. ह्यांनी नाही, मुलाने नाही, मीही नाही.

"मला काय होतंय? माझं पोट बिट काही दुखत नाही. उगाच—"

"एक शब्द बोलू नका!" सून ओरडली. लग्न होऊन चार वर्षं झाली, या घरात तिचा आवाज कधी चढला नव्हता. आतून हे उठून बाहेर आले. "सगळ्यांवर ओरडून आलात ना? आता ऐका. उद्या मी ऑफिसला उशिरा जाणार आहे आणि सकाळी सात वाजता तुम्ही माझ्याबरोबर रक्त द्यायला येणार आहात. चहा पिऊन नाही, बडबड करत नाही. कळलं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. कालपासून पहिल्यांदा.

"कळलं," मी म्हटलं, आणि माझं सिव्हिल आयडी कुठल्या पर्समध्ये आहे ते शोधायला उठले.