पायलीभर थंड हवा

नागपूरच्या उन्हाळ्याला आजवर एकदाही शिवी न दिलेला माणूस मला एकच माहीत आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. बाकी सगळं शहर मार्च उजाडला की कण्हायला लागतं, डोक्याला दुपट्टे गुंडाळतं, खिशात कांदा ठेवतं आणि भेटेल त्याला ‘बाप्पा, काय ऊन!’ असं सांगत फिरतं. भाऊजी मात्र मे लागला की घरात लग्न निघाल्यासारखे टवटवीत होतात. ‘डिसेंबरात कोणाचंही इंजिन चालते गा,’ ते म्हणतात, ‘पंचेचाळीसमध्ये चाललं पाह्यजे. ऊन आहे म्हणून तर आपली परीक्षा आहे.’ उमरेडकडच्या कोळशाच्या खाणीत वीस वर्षं त्यांनी डंपर दुरुस्त केले. मग नोकरी सोडून इतवारीत, भांडेबाजाराच्या मागच्या बोळात, टिनाच्या छपराखाली गॅरेज काढलं. त्या छपराखाली दुपारी उभं राहिलं तर माणसाचा पापड होतो. भाऊजींनी जागा घेतली ती एवढ्याच गुणावर.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, लोक पेन लावतात त्या जागी, काचेचं लांब थर्मामीटर असतं. गोष्ट गरम आहे की गार, हे ते कधी सांगत नाहीत, आकडा सांगतात. चहाच्या टपरीवर आधी थर्मामीटर कपात बुडतं, मग ओठ. बाजूच्या गिऱ्हाइकांनी ‘कोणाच्या काखेतलं काढलं?’ म्हणून हाकाटी केली तेव्हा टपरीवाल्यानं त्यांच्यासाठी कान तुटलेला वेगळा कप ठेवला. भाऊजी अजूनही तो कप मानाचा समजतात. एकदा मी त्यांना आमच्या चळवळीच्या सभेला नेलं. विषय पाण्याचा होता. आमच्या वस्तीत नळ पहाटे वीस मिनिटं येतो आणि त्यातली दहा मिनिटं नुसता खोकतो, हे मी चाळीस मिनिटं सांगितलं. घसा सुकला. खाली उतरून विचारलं, ‘कसं झालं?’ भाऊजी म्हणाले, ‘तू उभा राह्यला तवा एकोणचाळीस होतं. बसला तवा एक्केचाळीस. दोन डिग्री वाढवलं, पण पाणी नाई आलं.’

‘थंड’ हा त्यांच्या लेखी सर्वांत मोठ्या स्तुतीचा शब्द. चांगलं यंत्र थंड, चांगला कारागीर थंड, चांगलं घर थंड. या शब्दापायी त्यांनी नात्यातल्या एका मुलाचं लग्नही मोडलं आहे. मुलीकडच्यांनी चौकशी केली तेव्हा भाऊजींनी त्यांचा हात हातात घेऊन मनापासून सांगितलं, ‘डोळे झाकून द्या पोरगी. पोट्टा एकदम थंड आहे.’ त्या मंडळींनी डोळे उघडले आणि दुसरीकडे पोरगी दिली. ताई आठ दिवस डोकं धरून बसली होती. ‘अवं, मी तारीफच केली ना त्याची!’ एवढंच भाऊजी म्हणत राहिले, आणि काय चुकलं ते त्यांना अजून समजलेलं नाही.

अशा माणसाच्या हाती रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची मोटार आली. डॉक्टर परदेशात बरीच वर्षं राहून परतले होते आणि येताना बोटीनं आपली मोटार घेऊन आले होते. दोन दारांची, टोमॅटोसारखी लाल, टर्बो बसवलेली. शहरात तशी दुसरी नव्हती. हिवाळ्यात ती सुसाट जाई, पण मे महिन्यात म्हशीसारखी बसून राही. मोठमोठ्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले, तेव्हा खाणीतल्या कोणीतरी भाऊजींचं नाव सांगितलं. मला या मोटारीचा पहिल्या दिवसापासून राग होता. वस्तीत माणसं हंड्यांच्या रांगा लावतात आणि एका माणसाला बसायला एवढं मोठं लाल खेळणं! मी ते बोलूनही दाखवलं. भाऊजींनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ते बॉनेटमध्ये डोकं घालून, देवळात बोलावं तसं हळू बोलत होते.

पुढे त्यांनी मला जे समजावलं ते आधीच समजावू दिलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. ते असं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बो नावाचा पंखा फिरतो आणि तो इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. पण कोंबलेली हवा तापते, आणि तापली की फुगते. भाऊजी कुहीकडचे, धानाच्या मुलखातले. ते म्हणाले, ‘पायलीभर तांदूळ अन् पायलीभर मुरमुरे. माप सारखंच. पण पोट कशानं भरन? उन्हाळ्यात या बिचारीच्या पोटात नुसते मुरमुरे जाऊन राह्यले. मधात एक जाळीची पेटी असते, तिच्यातून गेली की हवा थंड होते, मुरमुऱ्याचे परत तांदूळ होतात. त्या पेटीले म्हणतात इंटरकूलर. हिची पेटी विलायतेच्या उन्हाच्या मापाची आहे. आपल्या उन्हाच्या मापाची पाह्यजे.’

तशी पेटी विकत मिळणं शक्य नव्हतं. भाऊजींनी भंगारात पडलेल्या डंपरची जाळी आणली आणि मापात कापली. दोन्ही बाजूंची टोपणं इतवारीतल्या एका म्हाताऱ्या भांडी घडवणाऱ्याकडून पितळेची ठोकून घेतली. त्यानं जन्मभर गंज आणि गुंड, म्हणजे वरणाची पातेली आणि पाण्याचे हंडे, घडवलेले. त्यामुळे टोपणांना नकळत गंजासारखा सुबक गोल काठ आला. ‘गाडीच्या पोटात वरण शिजवायचं आहे का?’ असं विचारणाऱ्याला भाऊजींनी तो काठ बोटानं वाजवून दाखवला. मग पेटी कुठे फुटकी आहे का ते पाहायचं होतं. सायकलची ट्यूब पाहतात तसं, पेटी पाण्यात बुडवून पंपानं हवा भरायची आणि बुडबुडे शोधायचे. एवढी पेटी बुडेल असं भांडं घरात एकच, पाण्याची टाकी. बुडबुडा दिसला की ते भोक झाळून बुजवायचं, पुन्हा बुडवायचं. तीन दिवस हे चाललं आणि काजळी मिसळलेलं ते पाणी तिन्ही दिवस फेकावं लागलं.

त्याच आठवड्यात मी ताईकडे गेलो. ती रिकाम्या टाकीशेजारी हातावर हात ठेवून बसली होती. ‘काय झालं?’ विचारलं तर म्हणाली, ‘काय होईन? तुहे भाऊजी त्या डॉक्टरच्या गाडीत कूलर बसवून राह्यले. सारं पाणी तिच्यात गेलं.’

नागपुरात कूलर म्हणजे काय ते कोणाला सांगायला नको. टिनाचा खोका, वाळ्याच्या ताट्या, वर पाण्याची नळी, आत पंखा. खिडकीत बसतो आणि बादल्यांनी पाणी पितो. माझ्या डोळ्यांपुढे लख्ख चित्र उभं राहिलं. लाल मोटार, मागच्या सीटवर डॉक्टर, खिडकीत वाळ्याची ताटी, आणि तिच्यावर आमच्या वस्तीचं पाणी ठिबकतंय! मी पुढचा प्रश्न विचारला नाही. पत्रक लिहिणारा माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही, ही आमच्या धंद्यातली खोड आहे. संध्याकाळपर्यंत मजकूर तयार झाला आणि दुसऱ्या दिवशी इतवारीपासून रामदासपेठेपर्यंत खांबाखांबावर चिकटला. ‘माणसं नळावर, मोटार कूलरमध्ये!’ नाव घातलं नव्हतं. ‘एक विलायतरिटर्न धन्वंतरी आणि त्यांची लाल मोटार’ एवढंच. शहरात तशी लाल मोटार एकच होती.

पेटी मोटारीत चढून तेव्हा दोन दिवस झाले होते. फक्त चाचणी राहिली होती, आणि ती भाऊजींच्याच तत्त्वामुळे राहिली होती. आभाळ आलं होतं, पारा चाळिसावर उतरला होता. सारं नागपूर सुखावलं होतं आणि भाऊजी एकटे गॅरेजच्या दारात, श्राद्धाला बसावं तसे बसून होते. ‘या थंडीत काय चाचणी घ्यायची?’ तेवढ्यात डॉक्टरांचा निरोप आला. दवाखान्यात पेशंट पत्रकं घेऊन येत आहेत, तेव्हा मोटार मुंबईला भावाकडे पाठवतो आहे. शनिवारी बारा वाजता ड्रायव्हर येईल, चावी द्यावी.

मी गॅरेजमध्ये पोचलो तेव्हा माझं पत्रक भाऊजींच्या मांडीवर होतं. मी ओरडा ऐकायला तयार होतो, उत्तरंही तयार होती. त्यांनी पत्रक माझ्यापुढे धरलं. ‘कूलर’ शब्दाभोवती खडूनं गोल केला होता.

‘काहून गा साळेबुवा, एवढं शिकला अन् हे काय लिहिलं? हा कूलर माणसाले नाई, हवेले आहे. पाणी लागतच नाई त्याले. पाणी माह्या टाकीतलं गेलं, अन् ते तुह्या बहिणीचं होतं. तिनं मले शिव्या दिल्या, तो हिशेब आमचा झाला.’

‘पण पाण्याचं मी लिहिलं ते खरं आहे,’ मी म्हणालो.

‘नळाचं खरं आहे. मोटारीचं खोटं आहे.’ मग ते मोटारीकडे वळले. ‘पेटी चालन, हे मले माहीत आहे गा. पण एक डाव आकडा पाह्यला असता. वीस वर्षं दुसऱ्याच्या मापाची यंत्रं झाळली. हे एकच आपल्या मापाचं केलं होतं.’

मी आजवर कोणाही डॉक्टर, शेठ किंवा साहेबाची माफी मागितलेली नाही. त्या दुपारी रामदासपेठेत जाऊन पेशंटांच्या रांगेत बसलो आणि नंबर आल्यावर मागितली. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘काय होतंय?’

‘काही होत नाही. ते पत्रक मी लिहिलं.’

‘अस्सं! मग दुखणं जुनं दिसतंय.’ पण त्यांनी ऐकून घेतलं. तांदूळ-मुरमुऱ्यांचं आल्यावर तर दोनदा सांगायला लावलं आणि हसले. ‘शनिवारी ड्रायव्हरला बाराऐवजी चारला पाठवतो. चार म्हणजे चार. आणि दुरुस्तीचं पत्रक निघालं पाहिजे.’

ते निघालं. मजकूर भाऊजींनी सांगितला, त्यामुळे आमच्या चळवळीचं ते एकमेव पत्रक आहे ज्यात मागणी नाही आणि पायलीभर तांदूळ आहेत. नळावरच्या बायकांनी ते वाचून घेतलं आणि एकीनं मला विचारलं, ‘ते समजलं गा भाऊ. मंग नळाचं काय?’ नळ अजूनही खोकतोच आहे, आणि त्याबद्दल मी लिहिणं सोडलेलं नाही.

शनिवारी आभाळ फाकलं. दुपारी दोन वाजता पारा पंचेचाळीस आणि कुहीच्या रस्त्यावर कुत्रं नाही. पेटीत शिरणाऱ्या नळीला तापमानाचा एक काटा, बाहेर पडणाऱ्या नळीला एक, दोन्ही माझ्यासमोर. माझं काम फक्त मोठ्यानं आकडे वाचायचं. सरळ रस्ता लागल्यावर भाऊजींनी पाय दाबला. माझं डोकं मागे आपटलं, पोट पाठीला लागलं, पळसाची झाडं एकमेकांत मिसळली, आणि मी डोळे मिटून घेतले.

‘आकडा सांग गा! आकडा!’

‘दिसला नाही!’

भाऊजींनी मोटार थांबवली. ‘लोकाइले भाषण देऊन राह्यला डोळे उघडे ठेवा म्हणून,’ एवढंच म्हणाले आणि वळवली. तीन वाजून गेले होते. परत जातानाचा तोच सरळ तुकडा, तेवढाच. त्यांनी पुन्हा पाय दाबला. मी दोन्ही हातांनी पापण्या ताणून धरल्या आणि ओरडलो, ‘एकशे आठ! इकडे एकोणसाठ! एकशे दहा! एकोणसाठ! अजून एकोणसाठच!’

जुन्या पेटीतून तेच नव्वदच्या खाली येत नव्हतं. भाऊजींनी मोटार रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली लावली, बॉनेट उघडलं, पितळी टोपणावर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. माझा हात ओढून तिथे ठेवला तेव्हा चटका बसला. मी मागे घेतला नाही. चारला पाच मिनिटं कमी असताना गॅरेजवर त्यांनी ड्रायव्हरच्या हातात चावी दिली.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांचं पत्र आलं, माझ्या नावानं. आमच्या पाण्याच्या अर्जावर त्यांनी सही केली होती, त्याबद्दल दोन ओळी होत्या. खाली लिहिलं होतं की भावानं ती पितळी पेटी काढून टाकली, मोटारीचं तोंड विद्रूप दिसतं म्हणून. मूळची छोटीच पुन्हा बसवली. मोठी भंगारात गेली. ‘तुमच्या भाऊजींना सांगा.’

दोन उन्हाळे गेले, ते पत्र अजून माझ्याच कपाटात आहे. परवाच्या दुपारी जेवून आम्ही ताईकडे खाली चटईवर पडलो होतो. भाऊजी छताकडे पाहत म्हणाले, ‘मुंबईले तर हवा आधीच थंड. आपल्यासारखं ऊन नाई. तिथं आपल्या पेटीतून किती येत असन गा आकडा? तू तर काटा पाह्यला आहे.’

‘अठ्ठेचाळीस,’ मी म्हणालो.

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवून पाहिलं. ‘सत्तेचाळीस,’ ते म्हणाले, आणि समाधानानं कुशीवर वळले.